पडद्याला बसलेली दोघं

त्या वर्षांत सांगली-मिरजेकडे लग्न ठरलं की शेजारपाजारचे लोक आधी हॉलचं विचारत नसत. विचारत, "पोरं पडद्याला बसली का?" बसली म्हटलं की पुढं काही विचारायची सोय नव्हती. निकाल सांगायला कायद्यानं बंदी होती. मग लोक पोरांच्या चेहऱ्याकडे बघून आपापला अंदाज बांधत.

पडदा म्हणजे लग्नाआधीची चाचणी, आणि ती चाले एका जुन्या मराठी सिनेमावर. 'सामान खालीच आहे' असं त्याचं नाव. पंचवीसेक वर्षांपूर्वी आला आणि आठवड्याभरात गेला. दिगंबर नावाचा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आणि रत्ना नावाची बालवाडीची शिक्षिका, एवढ्या दोघांचीच गोष्ट. दर रविवारी तो तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी येतो, नळाचा वायसर बदलतो, पंखा पुसतो, पोटभर जेवतो आणि लॉजवरच्या आपल्या खोलीवर परत जातो. तिच्यावर त्याचा जीव आहे, यात कुणाला शंका येत नाही. पण खोली सोडत नाही. या महिन्यात सोडतो म्हणतो, आणि रत्नाच्या बालवाडीतली पोरं कॉलेजात जातात. शेवटाकडे तो ट्रंक घेऊन तिच्या जिन्याखाली येतो आणि उभा राहतो. वर कुकरची शिट्टी होते. तो उभाच. कॅमेराही हलत नाही. इथं पडदा पांढरा व्हायचा आणि दिवे लागायचे. पुढचा सिनेमा कुणालाच दाखवत नसत.

ज्यांनी ही चाचणी बसवली त्यांचं म्हणणं असं होतं. भीती आधी अंगात येते, मनाला ती मागाहून कळते. डोळ्याची बाहुली बारीकमोठी होते, चेहऱ्याच्या कातडीखालचं रक्त ओसरतं, तळहाताला ओल येते आणि त्या ओलीमुळं कातडीतून वीज कमीजास्त वाहते. हे सगळं कॅमेऱ्याला आणि खुर्चीच्या हातातल्या पट्टीला टिपता येतं. माणूस तोंडानं 'मी जन्मभर साथ देईन' म्हणत असताना त्याचं अंग मागं सरकत असेल, तर ते दिसतं. हजारो जोडप्यांना आधी असं बसवून, पुढं वर्षानुवर्षं त्यांच्या संसारांवर नजर ठेवून त्यांनी यंत्राला शिकवलं होतं, की कुठल्या प्रसंगाला अंग किती मागं सरकलं तर माणूस टिकत नाही.

त्यासाठी सिनेमा चांगला लागे, कारण वाईट सिनेमाला अंग हलत नाही. आणि तो कुणी पाहिलेला नसावा लागे, कारण ठाऊक असलेल्या गोष्टीला अंग घाबरत नाही. चांगला आणि कुणी न पाहिलेला असा सिनेमा शोधता शोधता त्यांना हा सापडला. शेवट कापला तो एवढ्यासाठी, की शेवट कळला की जीव भांड्यात पडतो आणि आधीचा सगळा माग पुसला जातो. एकाच माणसावर चाचणी दुसऱ्यांदा चालत नसे. असा तो पडेल सिनेमा घरोघरी पाहिलेला झाला, आणि त्याचा शेवट मात्र कुणाला ठाऊक नव्हता. बाजारात नाना शेवट फिरत. कुणी म्हणे दिगंबर जिन्यातच मरतो, कुणी म्हणे रत्नाचं दुसऱ्याशी लग्न झालेलं असतं.

निकाल तीनच. पक्का, निमपिका, कच्चा. तोही कागदावर नाही, तोंडी. आणि स्वतःचा कधीच सांगत नसत. मुलीला मुलाचा सांगत, मुलाला मुलीचा. स्वतःचा निकाल कळला की माणसं खचतात, काही जण मुद्दाम तसंच वागायला लागतात, असं आढळलं होतं.

कस्तुरी शिंत्रेला सांगितलं गेलं, की शार्दूल हंकारे कच्चा आहे.

कस्तुरी तासगावच्या बेदाणा प्रयोगशाळेत कामाला होती. परदेशी जाणारा बेदाणा तिच्या हाताखालून जाई. दिसायला सोन्यासारखा माल, पण त्यात औषधाचा अंश किती आहे ते बघायचं आणि पास-नापास करायचं. आईबाप लवकर गेले, वाढवलं मालन आत्यानं. आत्याचा हात देवाधर्माला सैल आणि बाकी सगळ्याला घट्ट. शार्दूल उपसा सिंचनाच्या पंपांवर इंजिनिअर होता. मोकळा, बोलका, जरा गबाळा. कस्तुरीनं त्याला स्वतः पसंत केलं होतं. मुहूर्त चांगला म्हणून आत्यानं सुपारी आधी फोडून घेतली आणि पडद्याला मागाहून बसवलं. नुसता उपचार, असं आत्याला वाटत होतं.

चाचणीच्या केंद्रात दोघांना विचारलं होतं, हा सिनेमा आधी पाहिलाय का. दोघंही नाही म्हणाली. मदतनीस मुलीनं त्यांना बसवलं आणि ती शाली आणायला गेली. खोली फार गार होती. तेवढ्यात आत्या आत आली, दोघांना आपल्या मनासारखं नीट बसवलं, कस्तुरीच्या ओढणीचा पदर सारखा केला आणि हात जोडून बाहेर गेली. मग अंधार झाला.

निकाल सांगणाऱ्या देवस्थळीबाई मऊ आवाजाच्या होत्या. कच्चा म्हणजे वाईट नव्हे, म्हणाल्या. एवढंच, की असा माणूस वेळ आली की दाराकडे बघतो. निर्णय तुमचा. बाहेर शार्दूल व्हरांड्यात उभा होता. त्याला कस्तुरीचा निकाल मिळाला होता आणि त्याचं तोंड उजळलं होतं. तेवढ्यावरून तिनं ओळखलं, की आपण पक्क्या निघालो.

सुपारी फुटलेली. मोडायची तर कारण सांगायला हवं, आणि कारण सांगायची बंदी. शिवाय तो तिला आवडत होता. तिनं ठरवलं, आपण बघायचं. नमुना हातात आहे, घाई कशाला.

मग ती बघायला लागली.

विश्रामबागेत त्यांनी फ्लॅट घेतला. शार्दूलची खोकी तिथं येऊन पडली, पण त्यानं ती उघडली नाहीत. विचारलं तर म्हणाला, तू आल्यावर दोघं मिळून लावू. तिला हे उत्तर फार तयार वाटलं. मिरजेतली भाड्याची खोली त्यानं अजून सोडली नव्हती. पंपहाऊस तिथून जवळ पडतं, असं तो म्हणे. दिगंबरही असंच काहीतरी म्हणत होता. जेवताना तो फोन उपडा ठेवी. आणि सिनेमाचा विषय निघाला की विषय बदले. एकदा तिच्या मैत्रिणी हॉटेलात शेवटावरून पैजा लावत होत्या, दिगंबर वर जातो की नाही. शार्दूल उठून हात धुवायला गेला आणि बराच वेळ आला नाही. कस्तुरीनं ते मनात टिपून ठेवलं.

एका दुपारी फोनवर तो पंपहाऊसवर आहे म्हणाला. मागं आवाज पंपाचा नव्हता, काहीतरी गाणं वाजत होतं. तिनं सुट्टी टाकली, गाडीत बसली आणि गाडीला पंपहाऊसचं ठिकाण सांगितलं. रस्ताभर तिनं मनात वाक्यं जुळवली. पोचली तर शार्दूल गुडघाभर गाळात उभा. झडप अडकली होती आणि मजुरांच्या रेडिओवर गाणं चालू होतं. तिला बघून तो तसाच चिखलाच्या पायांनी पळत वर आला. इतक्या लांब, उन्हाची, नुसतं भेटायला? त्यानं मजुरांना तिची ओळख करून दिली, तिच्यासाठी उसाचा रस मागवला, आणि त्यानंतर ती गोष्ट जो भेटेल त्याला सांगत सुटला. आपल्या घराच्या भिंतीकडे माणूस जसं निर्धास्त बघतो तसा तो तिच्याकडे बघे. कस्तुरीला ते बघणं टोचायचं. हा माणूस इतका निर्धास्त, तर यंत्राला काय दिसलं? नक्कीच काहीतरी लपवतोय.

लग्नाची तारीख तीनदा पुढं गेली. आधी बेदाण्याचा हंगाम म्हणून, मग अधिक महिना आला म्हणून, मग हॉल पसंत नाही म्हणून. कारणं रास्त होती. आणि ती सगळी कस्तुरीनं काढली होती. शार्दूल म्हणे, तुझं तू बघ, मला कुठलाही दिवस चालतो. हे तर तिला सगळ्यांत संशयास्पद वाटे. ज्याला यायचंच नाही त्याला कुठलाही दिवस चालतो. मधल्या काळात तिनं रॉटरडॅमच्या बंदरावरच्या प्रयोगशाळेत एका वर्षाच्या जागेसाठी अर्जही करून ठेवला. तो पळाला तर आपल्या हातात काहीतरी असावं, एवढाच हेतू.

आत्यानं शेवटी दटावलं. "आता ही तारीख हलली, तर मी चुलत्याच्या गावाला जाऊन राहीन. तुझं तू लग्न कर नाहीतर बेदाणे खा." तारीख नक्की झाली.

लग्न तीन आठवड्यांवर असताना शार्दूलच्या आईनं कस्तुरीला बांगड्यांचं माप द्यायला बोलावलं. संगीताकाकू गच्चीवर सांडगी मिरच्या भरत बसल्या होत्या. शार्दूल कामावर होता. कस्तुरीनं मिरची चिरायला घेतली, तर काकूंनी तिचा हात बाजूला केला, आग होईल म्हणून. आपण मात्र बोलता बोलता त्याच हातानं कपाळाचा घाम पुसत होत्या. गप्पा होता होता कस्तुरीनं खडा टाकला. पडद्याला बसल्यापासून शार्दूल त्या सिनेमाबद्दल काही बोलत नाही, असं म्हणाली.

"कुठलं गं, ते सामानवालं?" काकू हसल्या. "आता काय बोलणार? त्याला पाठ आहे की ते. अगं, मी तेव्हा थेटरात तिकिटाच्या खिडकीला होते. शाळेला सुट्टी, ह्याला घरी कुठं ठेवायचं? आठवडाभर आतच. खेळ बघायचा, खुर्चीतच झोपायचा, उठून परत तेच बघायचा. माणसं यायची चार. त्यातली दोन पंख्याखाली झोपायला."

कस्तुरीनं जमेल तितक्या सहज विचारलं, की शेवट काय होतो.

"वर जातो की. पण ती नसते घरात. कुलूप. मग सामान दारात ठेवून बसतो त्याच्यावरच. संपलं. लोक शिव्या घालत बाहेर पडायचे. म्हणून तर चाललं नाही ते." काकूंनी मिरची भरली आणि जपून म्हणाल्या, "बाहेर बोलू नको हं. नाही म्हणून सांगितलंय त्यानं तिथं."

जिना उतरताना कस्तुरीला एक प्रकारचा आनंद झाला. सापडला. इतके महिने ज्याचा वास येत होता ते खरं निघालं. हा माणूस तिच्यासमोर खोटं बोलला होता, आणि अगदी सहज बोलला होता. बाजारभर ज्याची चर्चा चालायची तो शेवट तिला कळला होता, पण त्याचं तिला काही वाटलं नाही. गाडीत बसून ती पुढचं जुळवायला लागली. आत्याला काय सांगायचं, सुपारी कशी परत करायची. सिनेमा आधी पाहिला होता हे कारण सांगायला कुठलाही कायदा आडवा येत नव्हता.

कृष्णेचा पूल ओलांडताना एका ठिकाणी तिचं अडलं.

जो माणूस एखादा सिनेमा आठवडाभर पाठ करून बसलाय, त्याचं अंग त्या सिनेमाला घाबरेल कसं? दिगंबर वर जातो हे ज्याला लहानपणापासून ठाऊक आहे, त्याच्या हाताला घाम कशाला येईल? शार्दूलचा निकाल दुसरा काहीही आला असता, पण कच्चा येणं शक्य नव्हतं. प्रयोगशाळेत असं झालं, की ज्या मालाला औषध मारलंच नाही त्यात औषध सापडलं, तर कस्तुरी मालाला दोष देत नसे. आधी एकच गोष्ट बघे. नमुन्याची बाटली त्याच मालाची आहे का?

घरी आत्या देव्हाऱ्यातली भांडी घासत होती. कस्तुरीनं पाणीसुद्धा न पिता विचारलं, की त्या दिवशी केंद्रात तू आम्हाला कसं बसवलंस.

"कसं म्हणजे? त्या पोरीनं तुला डावीकडं बसवलं होतं. तिला काय कळतंय. सुपारी फुटलेली, म्हणजे बायकोच की तू त्याची. शुभ कामाला बायको उजवीकडं बसते. मी उठवलं आणि सरळ केलं. का गं, काय झालं?"

काही नाही, असं कस्तुरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती केंद्रात गेली. देवस्थळीबाईंना तिनं एवढंच विचारलं, की कोण मुलगा आणि कोण मुलगी हे यंत्राला कसं कळतं. बाई म्हणाल्या, कळत नाही. चेहरा ओळखायला यंत्राला परवानगीच नाही, तो खासगीपणाचा भंग होईल. उजवी खुर्ची मुलाची, डावी मुलीची, एवढंच त्याला सांगून ठेवलेलं असतं. "का? बसताना काही उलटसुलट झालं होतं का?"

कस्तुरीनं मान हलवली. तिचं तिलाच कळलं नाही, ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून. मग तिनं दुसरा प्रश्न केला. यंत्र बरोबर सांगतं हे तुम्हाला कशावरून कळतं? बाईंनी अभिमानानं सांगितलं, की ज्यांच्या जोडीदाराला कच्चा म्हणून कळवलं, त्यातली बहुतेक लग्नं पुढं मोडली किंवा झालीच नाहीत.

कस्तुरी खुर्चीवरून उठली. तिच्या प्रयोगशाळेत एखादा माल नापास केला की तो जहाजात चढत नसे. मग तो समुद्रापलीकडे टिकला असता की नाही, हे कधी कुणाला कळायचंच नाही. आणि ती मंडळी त्यालाच पुरावा म्हणत होती.

पण घरी आल्यावर यंत्रावरचा हा संशय तिच्या उपयोगी पडेना. उजव्या खुर्चीत ती बसली होती, म्हणजे कच्चा निकाल तिचाच होता. ती गच्चीत बसली आणि गेले सगळे महिने एकेक करून समोर घेतले. खोली त्यानं ठेवली होती, पण ती पंपहाऊसजवळ होती हे खरंच होतं. खोकी बंद होती, कारण ती स्वतः त्या फ्लॅटवर जायचं टाळत होती. तारखा कुणी हलवल्या? रॉटरडॅमला अर्ज कुणी केला? आणि सिनेमा. दिगंबर जिन्याखाली उभा होता तेव्हा तिच्या हाताखालची पट्टी ओली झाली होती. त्याचा राग आला म्हणून, असं तिनं तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. आता तिला आठवलं, की ती मनात म्हणत होती, परत जा, अजून कुणी पाहिलेलं नाही, परत जा.

शार्दूलला काय सांगितलं गेलं होतं? मुलगी पक्की. तो निकाल त्याचा स्वतःचाच होता, आणि तोही खोटा, कारण तो पाठ करून बसला होता. त्या निकालावर तो इतके महिने निर्धास्त होता. तिनं तोंड उघडलं नाही, तर जन्मभर निर्धास्त राहील. कुणाला कळायचं कारण नव्हतं.

रविवारी दुपारी तिनं त्याला फ्लॅटवर बोलावलं. दोघं खोक्यांवर बसली, कारण बसायला दुसरं काही नव्हतं. आधी तिनं त्याच्या आईकडून कळलेलं सांगितलं. शार्दूलचं तोंड उतरलं. तो म्हणाला, पाहिलंय म्हटलं असतं तर मला बाद केलं असतं, आणि सुपारी फुटलेली असली तरी बिनपडद्याच्या मुलाला तुझ्या आत्यानं पायरीशी उभं केलं नसतं. तेव्हापासून मला भीती, कुठंतरी शेवट तोंडातून निसटेल. म्हणून बोलत नव्हतो. फार जड गेलं. त्याला वाटलं, तिनं बोलावलं ते एवढ्यासाठीच, आणि आता ही रागावेल, मग माफ करेल. त्यानं खिशातून रुमाल काढून खोक्यावरची धूळसुद्धा पुसली.

मग कस्तुरीनं खुर्च्यांचं सांगितलं. तो हुशार माणूस होता, दोनदा सांगावं लागलं नाही.

"म्हणजे मला पक्की म्हणून सांगितलं ते..."

"तुझं होतं. आणि तेही फसवं."

"आणि तुझं?"

"माझं खरं असावं."

शार्दूलनं रुमाल परत खिशात घातला. तिनं तारखांचं सांगितलं, रॉटरडॅमचं सांगितलं. तिकडून जागा देऊ म्हणून उत्तर आलेलं होतं, तेही सांगितलं. तो ऐकत होता. ते सगळं त्यानं ऐकून घेतलं असतं. पण ती थांबली नाही.

"पंपहाऊसला मी तुला भेटायला नव्हते आले. तपासायला आले होते. तू खोटं बोलतोयस असं वाटलं म्हणून."

तो उठून खिडकीशी गेला. खाली कुणीतरी पाइपनं अंगण धूत होतं, ते बघत राहिला. ती गोष्ट त्यानं किती जणांना सांगितली होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"तू हे सांगितलं नसतंस, तर मला कधी कळलं नसतं," तो पाठमोरा म्हणाला.

"नसतं."

"मग का सांगितलंस?"

"तू ज्या बाईशी लग्न करायला निघालायस ती मी नाही, म्हणून. मला भीती वाटते, शार्दूल. यंत्र बरोबर की चूक, मला माहीत नाही. भीती आहे. उद्या ती जाईल असं मी सांगू शकत नाही."

तो वळला तेव्हा त्याच्या नजरेत तिनं कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. तो तिला न्याहाळत होता. ती कशी बसलीय, हात कुठं आहेत, दाराकडे बघतेय का. ही नजर कस्तुरीच्या ओळखीची होती. इतके दिवस ती तिची होती.

"आता मी रोज बघणार," तो म्हणाला. "तू भाजी आणायला गेलीस तरी बघणार. मला तसं जगायचं नव्हतं."

त्यानं गाडीची किल्ली उचलली. लग्नाला येणार की नाही, हे तो बोलला नाही. तिनंही विचारलं नाही. दार मात्र त्यानं हळू लावून घेतलं.

पुढचे दिवस विचित्र गेले. कुणी नाही म्हटलं नव्हतं, त्यामुळं सगळं चालूच राहिलं. पत्रिका गेल्या, मांडव पडला, आत्यानं रुखवतासाठी बेदाण्याचा मोर करायला घेतला आणि त्याची मान काही उभी राहीना. शार्दूलचे फोन येत, पण कामापुरते. किती माणसं, वरातीला गाडी कुठली. आवाजावरून काही कळायचं नाही. कस्तुरी फोन ठेवला की तो आवाज मनात परत वाजवून बघे. मग तिच्या लक्षात आलं, की तोही तिकडे हेच करत असणार.

लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं रॉटरडॅमला नाही म्हणून कळवलं. तो येणार आहे की नाही हे तेव्हा तिला ठाऊक नव्हतं. कळवून झाल्यावर हलकं वाटेल अशी तिची अपेक्षा होती. तसं काही झालं नाही. भीती होती तिथंच राहिली.

सकाळी ती हॉलच्या वरच्या खोलीत नटून बसली. खाली बँड वाजला, वऱ्हाड आलं आलं असा गलका झाला, करवल्या खिडकीकडे धावल्या. खिडकी तिच्यापासून हातभर होती. नुसतं वाकलं असतं तरी गाडीत कोण बसलंय ते दिसलं असतं. ती वाकली नाही. का, ते तिला सांगता आलं नसतं. इतके महिने बघून काय कळलं होतं?

गुरुजींनी मुलीच्या मामांना मुलीला घेऊन यायला सांगितलं. मामा वर आले आणि तिचा हात धरून तिला खाली घेऊन गेले. डोक्यावर ओढलेल्या पदरामुळं तिला फक्त पायाखालचं दिसत होतं. पायऱ्या, सतरंजी, तांदूळ, पाट. ती पाटावर उभी राहिली. समोर अंतरपाट होता, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. पलीकडे कुणीतरी उभं होतं. कुणीतरी असणारच, नाहीतर एवढे लोक शांत राहिले नसते. पण डोळ्यांनी दिसत नव्हतं.

मंगलाष्टकं सुरू झाली. शार्दूलच्या एका काकांनी स्वतः रचलेलं कडवं आणलं होतं. त्यात दोन्ही घराण्यांची नावं, पंपहाऊस, बेदाणे, सगळं बसवलं होतं. ते संपता संपेना. अंतरपाट धरणाऱ्यांतला एक उंच होता आणि एक बुटका, त्यामुळं कापड एका अंगानं वर उचललं गेलं होतं. कस्तुरीनं मान न उचलता त्या फटीतून पाहिलं.

समोरच्या पाटावर दोन पाय होते. उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं, झडप पडून झालेलं. ते तिच्या ओळखीचं होतं. आणि पायाची सगळी बोटं आवळलेली होती. निसरड्या उतारावर माणूस जमीन धरून उभा राहतो तशी त्यांनी पाटाची कड धरली होती. हा माणूस आता निर्धास्त नव्हता. ते तिनंच केलं होतं.

तिनं आपल्या पायांकडे बघितलं. मेंदी लावलेली तिचीही बोटं तशीच आवळलेली होती.

प्रत्येक कडव्याच्या शेवटी गुरुजी सावधान म्हणत होते, लोक अक्षता टाकत होते. अक्षता केसांत, पदरावर, पायांवर पडत होत्या. तिच्या मागं हॉलचं मोठं दार उघडं होतं, त्यातून बाहेरचं ऊन आणि रहदारीचा आवाज येत होता. त्याच्या मागंही एक दार होतं. काकांचं कडवं संपलं. शेवटचं सावधान झालं आणि वाजंत्री एकदम सुरू झाली.

अंतरपाट बाजूला झाला. दोघंही तिथंच उभी होती.